मागितलेली माफी मी परत घेत आहे

मी, गोपिका भ्रतार कालकथित नत्थूजी गणवीर, वय चौपन्न वर्षे, धंदा सरकारी नोकरी, हुद्दा परिचारिका, राहणार बिनाकी, नागपूर, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. कुणी दाब दिलेला नाही, कुणी गोड बोलून लिहायला बसवलेलं नाही, औषधाची गुंगी नाही. राग आहे. रागात केलेलं मृत्युपत्र कायद्यात बसतं का, हे मी वकिलांना आधीच विचारून घेतलं. ते म्हणाले, शुद्ध असली म्हणजे झालं. शुद्ध आहे.

निमित्त असं की येत्या मंगळवारी, तेरा डिसेंबरला, माझी गर्भपिशवी काढणार आहेत. तेवीस वर्षं मी दुसऱ्यांच्या खाटेजवळ उभी राहिले आहे, तेव्हा "काही होत नाही बाई" असं मला कुणी सांगू नये. काय काय होतं ते मला पाठ आहे.

वकिलांनी दीड पानाचा टाइप केलेला मसुदा दिला होता. मी त्यांना म्हटलं, यात माझं घर आहे, पण मी कुठं आहे? ते म्हणाले, बाई, मृत्युपत्रात हकिगत लिहीत नाहीत. मी लिहिणार आहे. कोर्टात जायची मुदत निघून गेली, असं त्यांनीच सांगितलं. मग माझ्याजवळ बोलायला हाच एक कागद उरतो.

कलम पहिले. बिनाकी येथील दोन खोल्यांचं कवेलूचं घर, मागची न्हाणी आणि पुढची मोकळी जागा ही माझी स्वकष्टाची मिळकत आहे. १९६७ साली मी ते माझ्या पगारातून बांधलं. ते माझी एकुलती एक मुलगी कुमारी जया हिला मिळावं. पूर्ण, एकटीला, ठेवण्याच्या आणि विकण्याच्या हक्कासह. तिच्यावर माझा राग आहे, त्याचं कारण पुढे येईल. ऑगस्ट महिन्यात मी एक मृत्युपत्र लिहिलं होतं, त्यात हे घर विहाराच्या वाचनालयाला ठेवलं होतं आणि जयाला काहीच नव्हतं. ते मी चुलीत घातलं. त्याची नक्कल कुठं निघाली तर ती रद्द समजावी. राग वेगळा आणि हक्क वेगळा, एवढं कळायला मला दोन महिने लागले.

कलम दुसरे. माझे भासरे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ, श्री. रुपराव गणवीर, यांचा या घराच्या एका कवेलूवरही हक्क नाही. "आमच्या घराण्याची जागा" असं ते चारचौघांत म्हणतात. जागेचं विक्रीखत माझ्या एकटीच्या नावाचं आहे आणि ते माझी सहकारी प्रेमिला हिच्या पेटीत आहे. माझ्या प्रेताला त्यांनी खांदा देऊ नये. ते आलेच तर त्यांना हे कलम दाखवून परत पाठवावं. त्यांचं वय, त्यांचा मान, ते विहाराच्या कमिटीवर आहेत, शाळेच्या कमिटीवर आहेत, हे कुणी मध्ये आणू नये.

कलम तिसरे. पोस्टातली शिल्लक आणि फंडाचे पैसे जयाला. यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

कलम चौथे. सायकल. इथं मला लांबून सुरुवात करावी लागेल.

माझे यजमान नत्थूजी गिरणीत होते. छप्पन साली आम्ही दोघांनी मिळून धम्मदीक्षा घेतली आणि पुढच्याच वर्षी विषमज्वरानं ते गेले. जया तेव्हा तीन वर्षांची. रुपराव म्हणाले, गावी चल, आमच्या घरी राहा, काम कर, खा. मी नर्सिंगला गेले. त्यांच्या मनातली ही पहिली गाठ. साठ साली मला देवलापारच्या पलीकडे, डोंगरातल्या एका उपकेंद्रावर नेमणूक मिळाली. अकरा गावं, मध्ये सगळे चढउतार आणि जंगल. कचेरीतून एक सायकल मिळाली. देणारा कारकून हसत म्हणाला, "बाई, ही काय शोभेले ठेवान का?" मी एकतीस वर्षांची होते, आणि त्या दिवसापर्यंत सायकलला हातही लावला नव्हता. पंधरा दिवसांत दोन्ही गुडघे फोडून शिकले. जयाला कॅरिअरवर बसवून लुगड्याच्या पट्टीनं माझ्या कमरेला बांधायची आणि बाळंतपणाला निघायची. बाई अडलेली असायची म्हणून जाताना घाई. येताना मात्र घाई नसायची, आणि येताना उतार असायचा. मागून ही पोरगी ओरडायची, "आई, अजून जोरात!"

तिथून आम्हा दोघींना ते वेड लागलं. दुसरा शब्द नाही. नवव्या वर्षी जया फ्रेमच्या आतून पाय घालून कैची चालवायला लागली. बाराव्या वर्षी तिला स्वतःची जुनी सायकल मिळाली. माझी बदली खापरखेड्याला, वीज केंद्राच्या वसाहतीतल्या दवाखान्यात झाली, आम्ही नागपूरला राहायला आलो, पण रविवार डोंगराचाच राहिला. पहाटेच्या एसटीच्या टपावर दोन सायकली चढवायच्या, रामटेकच्या पुढे कुठंतरी उतरायचं, आणि बैलगाडीच्या नाहीतर गुरांच्या वाटेनं वर. पक्की सडक आम्हाला चालायची नाही. गोटे, मुळं, नाल्यातली रेती, हेच पाहिजे. पाचपावलीच्या शालिकराम मिस्त्रींनी आमच्या मागच्या चाकांना रिक्षाचं जास्त दात्यांचं फ्रीव्हील बसवून दिलं, म्हणजे चढावर पाय हलका पडतो. मडगार्ड काढून टाकले. खाकी कापडाच्या दोन पँटी मी घरी शिवल्या. चढावर ती मला कधी गाठू शकली नाही आणि उतारावर मी तिला. ती सीटच्या मागं सरकून, हात सैल सोडून अशी उतरायची की गुराखी उभे राहून पाहायचे. माथ्यावर चून-भाकर खायची, पाणी प्यायचं, आणि पुढची टेकडी कोणती ते ठरवायचं. माझ्या जन्मात त्याहून चांगलं काही घडलं नाही, आणि हे मी शुद्धीवर लिहीत आहे.

रुपराव तोवर गाव सोडून आमच्याच वस्तीत राहायला आले होते. त्यांना त्या पँटी दिसल्या. दारात उभं राहून ते म्हणाले, "गणवीराच्या घरच्या बाया आता सर्कशीत जाऊन राहिल्या काय?" मी म्हटलं, "भाऊजी, सर्कशीत पगार मिळते. आम्ही फुकट करतो." ही दुसरी गाठ.

कलम पाचवे. तारेबद्दल.

रविवार, २१ फेब्रुवारी १९७१. जया सतरा वर्षांची. रामटेकपलीकडच्या एका डोंगरावरून आम्ही उतरत होतो. त्या भागातल्या लाकडाच्या कटाईचा ठेका रुपरावांकडे होता. ती वाट आमच्या सवयीची. जया पुढे, मी मागे शंभर-दीडशे हातांवर. एका वळणाआड ती गेली आणि मला आवाज आला. मी वळण घेतलं तेव्हा ती गोट्यांत पडलेली होती, डावा गुडघा उलटा झालेला, डोक्यातून रक्त. त्या दिवशी मी जमीन पाहिलीच नाही, झाडं पाहिली नाहीत. पोरगी पाहिली. कटाईवरचा राखणदार धोंडबा धावत आला, मी डोक्याला बांधलेला रुमाल फाडून पाय बांधला, त्यानं गाडी जुंपली.

पाय वाचला, पण गुडघा अर्धाच वाकतो. तीन महिने ती दवाखान्यात होती. दिवसा मी कामावर असायची तेव्हा रुपराव, तिचे मोठेबाबा, तिच्या खाटेजवळ बसायचे. मला वाटायचं, काही झालं तरी रक्ताचं माणूस. मी त्यांच्या पाया पडले होते, हेही लिहून ठेवते.

सगळ्यांनी सांगितलं की पोरीचा तोल गेला. मीही तेच धरलं. मग एप्रिलमधल्या एका रविवारी विहारात वंदना झाल्यावर रुपराव उभे राहिले आणि दीड-दोनशे माणसांसमोर म्हणाले, "बाईच्या जातीनं मर्यादा सोडली का काय होते, पाहून घ्या. ह्या बाईनं आपल्या हौसेपायी पोट्टीचा पाय घालवला." सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मी उठले. हात जोडले. म्हटलं, चूक माझी आहे, मला माफ करा. दीड-दोनशे माणसांची मी माफी मागितली. दुसऱ्या दिवशी माझी स्वतःची सायकल विकली. कचेरीला अर्ज दिला की मला सरकारी सायकलही नको, मी बसनं आणि पायी जाईन. बारा वर्षं गेले. रस्त्यात सायकलची घंटी वाजली तरी मी तोंड फिरवायची.

यंदा जुलैत धोंडबा आपल्या नातवाला टोचायला घेऊन दवाखान्यात आला. म्हातारा झाला होता, मी ओळखलंही नाही. टोचून झालं तरी उठेना. म्हणाला, "बाई, तुम्ही विहारात हात जोडले तवा मी मागं उभा होतो."

मी म्हटलं, "मग?"

"तिथं तार होती, बाई. सागाले अन् मोहाले बांधलेली. रुपरावजीनं सांगतलं होतं, रविवारी चोरीच्या लाकडाच्या गाड्या उतरतात, तार बांधून टाक. मी म्हटलं, फडकं लावू का? तर म्हणे, फडकं लावलं तर चोराले दिसन. पोरगी पडली अन् तार एका बाजूनं तुटली. तुम्ही तिचा पाय बांधत होत्या तवा मीच गुंडाळली, मंग रुपरावजीले नेऊन देली. माहे लेकरं लहान होते. कामावरून काढलं असतं."

माझ्या हातात सुई होती. ती मी नीट ट्रेमध्ये ठेवली. त्याला म्हटलं, जा. नातवाला ताप येईल, घाबरू नको, गोळी दे.

संध्याकाळी घरी आले. जया भाजी निवडत होती. मी उभ्या उभ्या म्हटलं, "तिथं तार होती."

तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "हाव."

"तुले माहीत होतं?"

"पडायच्या आधी दिसली होती, आई. दवाखान्यात शुद्धीवर आली तवा मी पयले मोठेबाबालेच सांगतलं. ते म्हणे, तोंड उघडशील तर तुह्या आईची तक्रार करतो, सरकारी बाई असून जंगलात हिंडते म्हणून. नोकरी जाईन, मंग खासाल काय? मी लहान होती, आई. अन् मंग त्याहीनच मले शाळेत मास्तरीण म्हणून लावून देलं."

"अन् विहारात? मी हात जोडले तवा?"

"मी खाटेवर होती."

"खाटेवरून उठून बारा वर्षं झाले, जया!"

ती म्हणाली, "एक वर्षं गेलं, मंग दुसरं गेलं. दर वर्षी सांगणं अजून कठीण होत गेलं."

लहान होती, हे मला मान्य आहे. धमकावली होती, हे मान्य आहे. पण ती एकोणतीस वर्षांची आहे, मुलांना खरं बोलायला शिकवते, आणि माझ्याच ताटाशेजारी बसून बारा वर्षं जेवली.

एवढ्यावर संपलं असतं तरी पुष्कळ होतं. पण रागाच्या भरात मी शालिकराम मिस्त्रींकडे गेले, त्या दिवशीची मोडकी सायकल त्यांच्याकडे होती, ती पाहायला. दुकानाच्या मागच्या भिंतीला जयाची सायकल टेकवलेली. नवे टायर. डाव्या पायडलचा दांडा कापून आखूड केलेला, म्हणजे अर्धा वाकणारा गुडघाही फिरतो. मी विचारलं, ही कोण चालवते? शालिकरामजी म्हणाले, "आता तुमच्यापासून काय लपवू? पोरगी आठ वर्षं झाले चालवून राहिली. सकाळी सेमिनरी हिलवर जाते."

सकाळची शिकवणी म्हणून ती साडेपाचला बाहेर पडायची, ती ही शिकवणी. तिला घरात विचारलं तर म्हणाली, "तुह्या समोर सायकलचं नाव काढलं का तू उठून जात होती. तुले काहून सांगू?" म्हणजे पाय जिचा गेला ती चालवत होती, आणि जिनं काहीच केलं नव्हतं ती शिक्षा भोगत होती. साक्षीदार म्हणून शालिकरामजींना हे कलम मी वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी मान खाली घातली. घालू द्या.

रुपरावांकडेही गेले. त्यांनी सुपारी कातरता कातरता ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जुनं झालं ते. तार माह्या ठेक्याच्या हद्दीत होती. तुमाले कोणं तिथं बोलावलं होतं?" माफी नाही. आवाजसुद्धा खाली नाही. त्यांची बायको, माझी मोठी जाऊ कांताबाई, चहा घेऊन दारात उभी होती, ती तशीच आत गेली.

कलम सहावे. ऑक्टोबरमधली गोष्ट, कारण पहिलं कलम त्यामुळे बदललं.

तीन महिने मी जयाशी बोलले नाही. स्वयंपाक एका घरात, भाषा नाही. एका सकाळी ती निघून गेल्यावर मी शालिकरामजींचं दुकान उघडवलं आणि म्हटलं, एक सायकल द्या. त्यांनी हवा भरून दिली. बारा वर्षांनी पाय टाकला. सदर भागातून सेमिनरी हिलकडे वळले. टेकडीचा चढ लागला आणि मला ती पुढे दिसली. डावा खांदा जरा उचलून, एक पाय आखूड फिरवत, पण सरळ रेषेत चढत होती. इतकी वर्षं ही माझ्याशिवाय अशी चढत होती, हे पाहून मला रडू यायला पाहिजे होतं. मला राग आला. त्या रागानं मी पायडल मारले आणि तिला गाठलं. तिच्याकडे न पाहता पुढे गेले. वर जाऊन थांबले. श्वास छातीत मावत नव्हता, आणि पोटात कळ उठली होती.

ती आली. धापा टाकत म्हणाली, "आई, अजून बोलणार नाही काय?"

मी म्हटलं, "नाही."

"मंग पाणी तरी पे."

प्याले. त्या दिवशी घरी येऊन मी ऑगस्टचं मृत्युपत्र जाळलं. अंगावरून जाणं त्याच आठवड्यात वाढलं आणि डॉक्टरांनी पिशवी काढायची सांगितली. डॉक्टर म्हणतात, सायकलचा याच्याशी संबंध नाही. रुपराव काय म्हणतील ते मला माहीत आहे.

कलम सातवे. माझ्यामागे येणाऱ्या पहिल्या रविवारी, वंदना झाल्यावर, कलम पाचवे विहारात मोठ्यानं वाचावं. वाचण्याचं काम माझी सहकारी प्रेमिला हिनं करावं. तिला मी या मृत्युपत्राची व्यवस्थापक नेमत आहे. १९७१ साली मी जी माफी मागितली ती परत घेत आहे, असं तिनं शेवटी स्पष्ट सांगावं.

इथपर्यंत गुरुवारी, आठ तारखेला लिहिलं. आज सोमवार.

कलम सातवे रद्द. वर रेघ मारली आहे आणि बाजूला दोन्ही साक्षीदारांची सही घेतली आहे. व्यवस्थापक मात्र प्रेमिलाच राहील. कारण असं:

गुरुवारी संध्याकाळी कागद टेबलावर होता. जयानं तो वाचला. मी वाचू दिला. सातव्या कलमाशी थांबली आणि म्हणाली, "तू मेल्यावर प्रेमिला मावशीनं काहून वाचावं? मले तोंड नाही काय?"

मी म्हटलं, "शाळेच्या कमिटीत ते आहेत. नोकरी जाईन."

ती म्हणाली, "तुही जाईन म्हणून गप्प राहिली. आता माही जाईन म्हणून गप्प राहू का?"

मी कागदाची घडी घातली.

काल विहार भरला होता. वंदना झाली. जया उठली आणि पुढे जाऊन उभी राहिली. मी तिसऱ्या रांगेत बसले होते, माझे हात मांडीवर होते. तिनं सगळं सांगितलं: तार, फडकं, दवाखाना, धमकी, शाळा. मध्ये रुपराव उठायला लागले. ती म्हणाली, "मोठेबाबा, बसा. माह्या आईनं हात जोडले तवा तुम्ही बसूनच होते, आता ऐकाले बी बसा." मागून कुणी म्हणालं, विहारात घरची भांडणं नकोत. जया म्हणाली, "पयलं भांडण इथंच झालं होतं. तवा कोणी नको म्हटलं नाही." मग तिनं आपलंही सांगितलं. "मी बारा वर्षं खोटी राहिली. आईसोबत खोटी राहिली. हे मोठेबाबाचं नाही, हे माहं आहे."

रुपराव म्हणाले, "पुरावा काय? धोंडबा म्हातारा झाला, त्याले काय याद राह्यते?"

तेव्हा बायांच्या बाजूनं कांताबाई उठली. चाळीस वर्षांच्या संसारात त्या बाईला नवऱ्याच्या आधी बोलताना मी पाहिलेलं नाही. म्हणाली, "तार आमच्या कोठ्यात आहे. गव्हाणीच्या वर टांगली आहे. मी रोज पाहतो." आणि खाली बसली.

रुपराव निघून गेले. माणसं एकेक करून उठली. दोघी-तिघी माझ्याजवळ आल्या, हात धरला आणि गेल्या. दीड-दोनशे माणसांपैकी एकानंही "बाई, आमची चूक झाली" असं म्हटलं नाही. हे मी लिहून ठेवते. जयाला आज शाळेतून कागद आला आहे, खुलासा मागितला आहे. खुलासा ती देईल.

कलम आठवे, आणि शेवटचे. माझ्यामागे कुणी असं सांगू नये की बाईनं शेवटी सगळ्यांना माफ केलं. तसं भाषण कुणी केलं तर ते खोटं आहे. रुपरावांना माफी नाही. धोंडबाला आहे, कारण तो स्वतःहून आला. कांताबाईचं मला ठरवता येत नाही. जयाला अजून नाही. ऑपरेशनमधून उठले तर ठरवीन.

हे वाक्य मी जयाला वाचून दाखवलं. ती डबा भरत होती. हसली नाही, रडली नाही. म्हणाली, "मंग लवकर उठजो वं आई."

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला, आणि तो माझ्या मनाप्रमाणे आहे. जया ही लाभार्थी असल्यामुळे तिची साक्ष घेतलेली नाही. शालिकराम मिस्त्री साक्षीदार असल्यामुळे त्यांना या कागदात काही ठेवता येत नाही, म्हणून माझा पितळी हवेचा पंप मी आज त्यांच्या हातात दिला आहे.

ठिकाण: बिनाकी, नागपूर
तारीख: १२ डिसेंबर १९८३, सोमवार

लिहून ठेवणार:
गोपिका नत्थूजी गणवीर (सही)

आमच्या दोघांच्या समक्ष बाईंनी सही केली. बाई पूर्ण शुद्धीत आहेत:

१. शालिकराम डोमाजी नंदेश्वर, सायकल दुरुस्ती, पाचपावली (सही)
२. प्रेमिला सदाशिव वासनिक, परिचारिका, खापरखेडा (सही)